‘उद्या पाणी येणार!’: नगरपरिषदेचं एक मीम आणि त्याचे वाचक

पार्श्वभूमी

मराठवाड्यातलं एक तालुक्याचं शहर. नगरपरिषद जुनी, जलवाहिनी त्याहून जुनी. नगरपरिषदांच्या कर्मचाऱ्यांसाठी आम्ही जनसंवादाचे वर्ग घेतो, तिथे हे प्रकरण आमच्यापुढे आलं. संबंधितांशी बोलून ते लिहिलं आहे. शहराची आणि माणसांची ओळख पटेल अशा खुणा बदलल्या आहेत, घटनाक्रम तसाच ठेवला आहे.

शहरात नळाला सहा दिवसांआड पाणी येतं. शहराचे झोन पाडलेले आहेत आणि प्रत्येक झोनची पाळी ठरलेली असते. पाळीच्या आदल्या संध्याकाळी घरोघरी एक काम ठरल्यासारखं होतं. पिंपातलं, बॅरलमधलं उरलेलं पाणी झाडांना, अंगणाला, धुण्याला वापरून टाकायचं, भांडी घासून पालथी घालायची आणि पहाटे नळ सुटण्याची वाट बघायची. शिळं पाणी ठेवून त्यावर ताजं भरायचं नाही, हा तिथल्या बायकांचा नियम आहे. पुढे जे घडलं त्यात या नियमाचा वाटा मोठा होता, आणि नगरपरिषदेच्या कार्यालयात बसणाऱ्या कुणाच्याही तो लक्षात आला नव्हता.

एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून लातूरला पाणी आणावं लागलं, ते या भागातल्या लोकांनी जवळून पाहिलं आहे. इथे पाण्यावर विनोद होत नाहीत असं नाही, भरपूर होतात. पण ते लोक एकमेकांत करतात.

आणखी एक गोष्ट. नगरसेवकांची मुदत संपून प्रशासक नेमलेला होता. एरवी ‘नळ कधी सुटणार’ हे विचारायला माणूस नगरसेवकाच्या दारात जातो. ते दार बंद झाल्यावर विचारायच्या दोनच जागा उरल्या: वॉलमन, म्हणजे गल्लोगल्ली पाणी सोडणारा कर्मचारी, आणि नगरपरिषदेचं फेसबुक पेज.

पेज आणि त्याचं आधीचं यश

पेज सांभाळणारा मुलगा पंचविशीचा, पदविका झालेला, ठेकेदारामार्फत घेतलेला. स्वच्छतेच्या कामासाठी त्याला ठेवलं होतं. पेज त्याच्या गळ्यात पडलं, कारण त्याला मोबाईलवर चित्रं करता येत होती.

सुरुवातीला पेजवर उद्घाटनांचे फोटो आणि ‘सर्व नागरिकांना कळविण्यात येते की’ असे कागद जायचे. ते कुणी बघत नव्हतं. मग त्याने ओला-सुका कचऱ्याचं एक मीम केलं. वरच्या चौकटीत माणूस तोंड फिरवून हाताने ‘नको’ म्हणतोय, खालच्या चौकटीत बोट दाखवून ‘हे बरं’ म्हणतोय. एका कॅनेडियन गायकाच्या 2015 च्या गाण्याच्या व्हिडिओतल्या दोन दृश्यांवरून हा साचा जगभर पसरला. या मुलाने गायकाच्या जागी घंटागाडीच्या ड्रायव्हरला उभं केलं. गणवेशात, डोक्याला रुमाल बांधून. वरच्या चौकटीत ड्रायव्हर सगळा कचरा एकत्र कोंबलेल्या पिशवीकडे पाठ करतो, खालच्या चौकटीत हिरवा आणि निळा डबा बघून खूष होतो.

मीम शहरभर गेलं. पोरं घंटागाडी आली की ड्रायव्हरपुढे तशी पोज देऊन उभी राहू लागली. ड्रायव्हरच्या बायकोने तो फोटो फ्रेम करून घेतला. मुकादमाच्या म्हणण्यानुसार त्या गल्ल्यांमध्ये वेगळा केलेला कचरा वाढला. किती वाढला हे कुणी मोजलं नाही, त्यामुळे तो दावा इथे करत नाही. पण एक खरं की लोक त्या पेजला ‘आपलं’ म्हणू लागले.

इथे मुलाने तीन गोष्टी बरोबर केल्या होत्या, आणि तेव्हा त्या त्यालाही माहीत नव्हत्या. चित्रातला माणूस गावचा होता आणि त्याला विचारून फोटो घेतला होता. सिनेमातलं दृश्य उचललं नव्हतं, त्यामुळे हक्कांचा प्रश्न आला नाही. आणि ते मीम चुकीचं वाचलं असतं तरी कुणाचं काही बिघडलं नसतं. फार तर एखाद्याला वाटलं असतं, हा ड्रायव्हर असा नाचतोय का!

मुलापुढे आदर्श पोलिसांचा होता. मुंबई पोलिसांचं ट्विटर खातं डिसेंबर 2015 मध्ये सुरू झालं आणि खुसखुशीतपणासाठी गाजलं. सप्टेंबर 2019 मध्ये चांद्रयानाच्या विक्रम लँडरशी संपर्क तुटला, तेव्हा नागपूर पोलिसांनी विक्रमला उद्देशून लिहिलं होतं की बाबा, उत्तर दे, सिग्नल तोडल्याबद्दल आम्ही चलान करणार नाही. देश हसला. ‘सरकारी खातं पण असं बोलू शकतं’ हे त्याने तिथून घेतलं. मात्र विक्रमचा विनोद वाचून कुणाला दुसऱ्या दिवशी सकाळी काही करायचं नव्हतं. पाण्याचं तसं नव्हतं.

अडचण कशी सुरू झाली

एप्रिलमधला सोमवार. रात्री धरणाकडून येणारी मुख्य जलवाहिनी फुटली. मंगळवारी दुपारी पाणीपुरवठा विभागाने जाहीर निवेदन काढलं. झोन तीन आणि चारला बुधवारी मिळणारं पाणी शुक्रवारी मिळेल, असं त्यात होतं. निवेदन रीतसर होतं: वर बोधचिन्ह, जावक क्रमांक, दिनांक, खाली सही आणि शिक्का. त्याची पीडीएफ करून पेजवर आणि प्रभागांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकली गेली. पीडीएफ उघडायचे कष्ट फार थोड्यांनी घेतले.

दुपारपासून अफवांना ऊत आला. कुणी म्हणे उद्याच येणार, कुणी म्हणे आता आठ दिवस नाही. पेजवर शिव्यांचा पाऊस पडत होता, आणि त्या शिव्या वाचायला एकटा हा मुलगा बसलेला. सातच्या सुमारास त्याने मीम केलं.

चित्र उभं होतं. नळापुढे रांगेत लावलेले रिकामे हंडे. वर ठळक पांढऱ्या अक्षरांत, काळी कड देऊन: ‘उद्या पाणी येणार!’ खाली तशाच अक्षरांत, पण ओळ लांब म्हणून आकार लहान: ‘असं शेजारच्या काकू तीन दिवसांपासून सांगतायत.’ उजव्या कोपऱ्यात वर नगरपरिषदेचं बोधचिन्ह. पोस्टच्या मजकुरात लिहिलं होतं: ‘अफवांवर नको, वेळापत्रकावर विश्वास ठेवा. झोन तीन आणि चारला पाणी शुक्रवारी.’

वर एक ओळ, खाली तिला कलाटणी देणारी दुसरी. ही मांडणी इंटरनेटवर 2007 च्या आसपास मांजरांच्या फोटोंवर रुळली आणि आजही चालते. ज्याने असली शंभर चित्रं पाहिली आहेत तो वरची ओळ वाचतानाच खालच्या ओळीची वाट बघत असतो. वरची ओळ खरी नसणार, हे त्याला अक्षरांच्या रूपावरूनच कळतं. पेजवर पहिल्या तासाभरात आलेल्या प्रतिक्रिया हसऱ्या होत्या. मुलाला वाटलं, जमलं.

मग चित्र पेजवरून निघालं. कुणीतरी ते उतरवून ग्रुपवर टाकलं. पोस्टचा मजकूर मागेच राहिला, कारण चित्र उतरवलं की सोबतचा मजकूर येत नाही. व्हॉट्सअॅपच्या खिडकीत उभं चित्र पूर्ण दिसत नाही, वरचा-मधला भाग दिसतो आणि बाकीचं बघायला त्यावर बोट ठेवावं लागतं. दिसत होतं ते एवढंच: रांगेतले हंडे, ‘उद्या पाणी येणार!’ आणि नगरपरिषदेचं बोधचिन्ह.

रात्री नऊपर्यंत ते बचत गटांच्या ग्रुपवर होतं, कॉलनीच्या ग्रुपवर होतं, लोकांच्या स्टेटसला होतं. झोन तीन आणि चारमधल्या पुष्कळ घरांत पिंपं रिकामी झाली, घासून पालथी घातली गेली.

बुधवारी पहाटे नळ सुटले नाहीत.

चित्र कुणी कसं वाचलं

नगरपरिषदेत पहिलं निदान झालं ते असं: म्हाताऱ्यांना मीम कळत नाही. आम्हाला ते पटलं नाही, आणि माणसांशी बोलल्यावर तर अजिबात टिकलं नाही. निवृत्त मुख्याध्यापक असलेल्या एका आजोबांनी ते चित्र पाहताक्षणी ओळखलं. ‘नातू दिवसाला दहा पाठवतो, वरचं वाचून थांबायचं नसतं एवढं शिकलोय,’ ते म्हणाले. उलट बी.कॉम.ला असलेली, दिवसभर इन्स्टाग्रामवर असणारी एक मुलगी फसली. ती बसमध्ये होती. खिडकीत दिसलं तेवढं वाचून तिने आईला फोन केला, ‘उद्या नळ येणारेत, नगरपरिषदेचं आलंय.’ आईने पिंप रिकामं केलं. आईने चित्र पाहिलंही नव्हतं.

फरक वयाचा नव्हता. कोण कुठल्या जागेवरून आणि कशासाठी वाचतंय, याचा होता.

सरकारी कागद वाचण्यात आपली माणसं पटाईत असतात. रेशन, सातबारा, पीकविमा, परीक्षेचं पत्र असे कागद वाचून वाचून ती तयार झालेली असतात. कागद हातात आला की नजर आधी वर जाते: कुणाचा आहे? मग मोठ्या अक्षरांत काय आहे? मग सही-शिक्का. खालची बारीक ओळ शेवटी, जमल्यास. हंड्यांचं ते चित्र अनेकांनी अगदी याच शिस्तीने वाचलं. वर बोधचिन्ह, म्हणजे नगरपरिषदेचं. मोठ्या अक्षरांत, उद्या पाणी येणार. संपलं. त्यांनी निष्काळजीपणा केला नव्हता. सूचना वाचायची जी रीत आयुष्यभर उपयोगी पडली, तीच त्यांनी वापरली. मीम वाचायची रीत नेमकी उलटी असते. तिथे मोठी ओळ सापळा असते आणि अर्थ खाली असतो.

आपल्याकडे खोट्यातून खरं सांगण्याची परंपरा नवी नाही. भारुडातला विंचू हा विंचू नसतो, हे अक्षरओळख नसलेल्या बाईलाही कीर्तनाला बसल्यावर कळायचं. तमाशातल्या सोंगाड्याचं बोलणं कुणी शब्दशः घेत नव्हतं, आणि 1960 मध्ये सुरू झालेल्या ‘मार्मिक’मधली व्यंगचित्रं लोक बातमी म्हणून वाचत नव्हते. पण त्या प्रत्येक ठिकाणी विनोदाला हद्द होती: फड, सोंग, साप्ताहिकाचं पान. मीमला ती हद्द नसते. ते जिथे जाईल तिथल्या संगतीत वाचलं जातं. मंगळवारी रात्री ते टँकरच्या मागण्या, लग्नाची पत्रिका आणि हरवलेल्या मोटारसायकलच्या फोटोच्या मध्ये येऊन पडलं होतं. तिथे त्याला विनोद म्हणून ओळखायला काय आधार होता?

याच रात्री आणखी एक चुकीचं वाचन झालं, ते कार्यालयातच. मुलाने पोस्ट टाकण्याआधी चित्र मुख्याधिकारी मॅडमना पाठवलं होतं. उत्तरात अंगठा आला. त्याने ती मंजुरी मानली. मॅडम सांगतात की तो अंगठा वरच्या निरोपाला होता, दोन टँकर भरून उभे आहेत या निरोपाला. त्या वेळी त्या गळतीच्या खड्ड्याजवळ उभ्या होत्या, चित्र त्यांनी उघडलंच नव्हतं. दोघंही खरं बोलत आहेत असं आमचं मत आहे. उत्तर नेमकं कुठल्या निरोपाला आहे हे दाखवायची सोय त्याच फोनमध्ये आहे, ती वापरायची सवय कार्यालयात कुणालाच नव्हती.

बुधवार सकाळ: समोर असलेले पर्याय

साडेआठला शंभरेक बायका रिकाम्या घागरी घेऊन नगरपरिषदेच्या आवारात आल्या. वॉलमनकाकांना गल्लीत आधीच घेराव पडला होता. एक आजी अभियंत्याला म्हणाल्या ते त्याने आम्हाला जसंच्या तसं सांगितलं: ‘सायेब, हसायचं मागून बघू. पाणी हाय का न्हाई ते सांगा. होतं तेबी तुमच्या चिठ्ठीपायी सांडलं.’ त्यांच्या लेखी ती चिठ्ठीच होती.

दुसरी तक्रार आम्हाला जास्त महत्त्वाची वाटते. बचत गटाची अध्यक्ष असलेल्या ताई म्हणाल्या, ‘अफवा पसरवणाऱ्या म्हणून काकूच का? आमच्या गल्लीत रात्रभर फोन करून सांगत होते ते सगळे बाप्ये होते.’ मुलाकडे यावर उत्तर नव्हतं. मीममध्ये काकू येतात, कारण मीममध्ये काकू येतात. साचा उचलताना त्यात आधीपासून भरलेला शेराही सोबत येतो, तो दिसत नाही एवढंच.

मॅडमच्या दालनात चार पर्याय मांडले गेले.

पहिला, पोस्ट काढून टाकायची आणि गप्प बसायचं. बाजू एवढीच की वरिष्ठांना दाखवायला पेज स्वच्छ राहील. तोटा असा की लोकांच्या फोनमधल्या प्रती तशाच राहतात, आणि ज्याला खात्री करायची आहे त्याला मूळ पोस्ट, म्हणजे पीडीएफ न उघडता शुक्रवारचं वेळापत्रक वाचता येईल अशी ती एकमेव जागा, सापडत नाही.

दुसरा, जाहीर खुलासा. सही-शिक्क्याचा.

तिसरा, त्याच चित्रावर आडवी लाल पट्टी मारून ‘हा विनोद होता, पाणी शुक्रवारी’ असं लिहून पुन्हा सोडायचं. मुलाचा आग्रह याला होता. अभियंत्याची हरकत बिनतोड होती: पट्टी मारलेलं चित्रही खिडकीत अर्धंच दिसेल, आणि लोकांना पुन्हा एकदा ‘उद्या पाणी येणार!’ दिसेल. खोटं खोडताना ते मोठ्या अक्षरांत पुन्हा छापू नये, ही गोष्ट वर्तमानपत्रातल्या जुन्या उपसंपादकांनाही ठाऊक असते.

चौथा पर्याय कागदावरचा नव्हता. माणसं पाठवायची: भोंगा लावलेली रिक्षा, वॉलमन, टँकर.

याच वेळी दुसरी आघाडी उघडली. एका स्थानिक कार्यकर्त्याने मॅडमचा फोटो घेऊन उलट मीम केलं. ‘पाणी मागितलं, विनोद मिळाला’ या अर्थाचं. कार्यालयातले दोन जण पोलीस तक्रारीचा मसुदा घेऊन उभे राहिले. एक जण तर अजून माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66 अ चं नाव घेत होता. ते कलम सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015 रोजीच घटनाबाह्य ठरवून रद्द केलं आहे. बदनामीचं कलम आहे, 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते 356 वं. पण आपल्याच चुकीवर झालेल्या टीकेसाठी ते वापरणं म्हणजे टीका खरी ठरवणं. नोव्हेंबर 2012 मध्ये पालघरला फेसबुकवरच्या मजकुरावरून दोन तरुणींना अटक झाली, आणि शेवटी निलंबन पोलीस अधिकाऱ्यांचं झालं. मॅडमना हे आठवत होतं. त्यांनी मसुदा परत केला. ‘फोटो बरा लावलाय, निवडणूक ओळखपत्रावरच्यापेक्षा,’ एवढंच बोलल्या. या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात शहाणा निर्णय आमच्या मते हाच, आणि तो एका मिनिटात झाला.

काय केलं

सुरुवात चुकीची झाली. मॅडम गर्दीला सामोऱ्या गेलेल्या असताना कुणीतरी मुलाला फोन केला आणि त्याने पोस्ट काढून टाकली. तासाभरात नवं बोलणं सुरू झालं: नगरपरिषदेने आधी पाणी सोडतो म्हणून लिहिलं, आता पुरावा पुसला. विनोद राहिला बाजूला, आता प्रकरण लबाडीचं झालं.

मग खुलासा आला. ‘समाजमाध्यमावर प्रसारित झालेल्या चित्राच्या अनुषंगाने नागरिकांमध्ये निर्माण झालेल्या संभ्रमाबाबत खालीलप्रमाणे खुलासा करण्यात येत आहे’ असं सुरू होणारा. पाणी शुक्रवारी येणार हे तिसऱ्या परिच्छेदात होतं. आणि पुन्हा पीडीएफ.

वळण आणलं ते वॉलमनकाकांनी. कुणी सांगितलं म्हणून नव्हे, कंटाळून. दर दोन मिनिटांनी फोन वाजत होता, तेव्हा त्यांनी पुतण्याच्या फोनवर एक निरोप बोलून टाकला. अर्ध्या मिनिटाचाही नसेल. मागे गळतीच्या पाण्याचा आवाज येतोय आणि काका सांगतायत: ‘मी पाण्यावाला बोलतोय. लाईन फुटलीय, मी हितंच खड्ड्यापाशी हाय. तीन नंबर, चार नंबर, तुमचं पाणी शुक्रवारी पहाटं. त्याच्या आधी यायचं न्हाई. कुणी कायबी सांगू द्या. वापरायला लागंल तेवढं टँकरचं भरून ठिवा.’ नाव सांगितलं नाही, लागलंच नाही. वर्षानुवर्षं पहाटे गल्लीतून ‘नळ सुटले हो’ म्हणून येणारा तो आवाज होता.

दुपारपर्यंत तो निरोप मीम जिथे जिथे गेलं होतं तिथे पोचला. अभियंत्याने मग शहाणपणा केला. काकांना रागावण्याऐवजी त्याच मजकुराची रिक्षा फिरवली आणि टँकर आधी त्या गल्ल्यांत धाडले जिथे पिंपं रिकामी झाल्याचं बचत गटाच्या ताईंनी सांगितलं होतं. ताईंना विचारायची कल्पना मॅडमची. गर्दी बाराच्या सुमारास पांगली.

मुलाने संध्याकाळी पेजवर स्वतःच्या शब्दांत चार ओळी लिहिल्या: चित्र आमचंच होतं, विनोद म्हणून केलं, तुमचं पाणी वाया गेलं, माफ करा. त्यावर आलेल्या प्रतिक्रियांत पुन्हा थोडं हसू होतं. एकाने घंटागाडीच्या ड्रायव्हरचं जुनं मीम लावून वर ‘पाण्यावरचे विनोद’, खाली ‘कचऱ्यावरचे विनोद’ असं लिहिलं. धोरण म्हणून पुढे नगरपरिषदेने जे ठरवलं, ते या पोराने दोन चौकटींत आधीच सांगून टाकलं होतं.

निष्पत्ती

शुक्रवारी पहाटे पाणी आलं. चौकशी झाली, ठपका कुणावर ठेवला नाही. पेज बंद करायचा प्रस्ताव आरोग्य विभागानेच हाणून पाडला, कारण कचऱ्याच्या कामात ते उपयोगी पडत होतं.

तात्पुरते काही नियम ठरले. ज्या चित्रात विनोद आहे त्यावर बोधचिन्ह नाही. वार, तारीख, वेळ, झोन या गोष्टी विनोदात कधीच यायच्या नाहीत. पाण्याच्या सूचनेचा एकच ठरलेला साचा: पिवळी पट्टी, वर मोठ्या अक्षरांत वार आणि तारीख, खाली झोन, चौकोनी आकार, म्हणजे फोनच्या खिडकीत पूर्ण दिसेल असा. पीडीएफ फक्त दप्तरासाठी. आणि कुठलंही चित्र बाहेर जाण्याआधी शिपाई, एक मुकादम आणि बचत गटाच्या एक ताई अशा तिघांना फोनच्या खिडकीतच, मोठं न करता दाखवायचं आणि विचारायचं, ‘उद्या काय करशील?’ ‘कळलं का’ विचारलं की सगळे ‘हो’ म्हणतात, त्यामुळे हा प्रश्न चांगला आहे. शिपायाने पहिल्याच आठवड्यात दोन चित्रं बाद केली. त्यातलं एक डासांवरचं होतं. ते वाचून तो म्हणाला, ‘उद्या फवारणी हाय ना? मी घरी सांगतो.’ फवारणी नव्हती.

काकांचे आवाजी निरोप सुरू राहिले. शहरातल्या एका मोठ्या वस्तीत घरात दखनी बोलतात, तिथल्यासाठी टँकरचा एक ड्रायव्हर तोच निरोप आपल्या बोलीत बोलून देऊ लागला. त्याला कुणी नेमलेलं नाही आणि त्याचं मानधनही ठरलेलं नाही.

वर्षभरात मॅडमची बदली झाली. ठेका बदलला, मुलगाही गेला. पुढच्या उन्हाळ्यात हंड्यांचं तेच चित्र पुन्हा फिरलं. व्हॉट्सअॅपने 2018 पासून भारतात एका वेळी पाच ठिकाणीच पुढे पाठवायची मर्यादा घातली, आणि 2020 मध्ये फार फिरलेल्या निरोपांना ती एकावर आणली. पण चित्र फोनमध्ये साठवून नव्याने पाठवलं की ही मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. चित्रावर तारीख नव्हती, त्यामुळे ते जुनं आहे हे ओळखायचा मार्गच नव्हता. त्या वेळी मात्र फार पिंपं रिकामी झाली नाहीत. पिवळी पट्टी नाही म्हणजे खरं नाही, असं काही ग्रुपवर लोकांनीच लिहिलं. काही ग्रुपवर नाही लिहिलं.

वेगळं काय करता आलं असतं

मंगळवारी दुपारीच निवेदन चित्राच्या रूपात आणि काकांच्या आवाजात गेलं असतं तर अफवांना एवढी जागा मिळाली नसती आणि मीम करायची वेळच आली नसती. आमच्या मते खरी चूक संध्याकाळी सातची नव्हती, दुपारी दोनची होती. मीमवर सगळा राग निघाला, कारण ते दिसलं. न उघडलेली पीडीएफ कुणाला दिसत नाही.

पोस्ट काढायला नको होती. तिच्यावरच, अगदी वर, ‘पाणी शुक्रवारी, बुधवारी नाही’ असं लिहून ती ठेवायला हवी होती.

काकूंबद्दल नगरपरिषदेने काहीच केलं नाही. माफीत तो मुद्दा आला नाही, नियमांत आला नाही. ताईंना चित्रं दाखवायला बोलावतात, हे ठीक. पण त्यांना ‘उद्या काय करशील’ विचारतात, ‘यात तुम्हाला काय खटकतं’ असं विचारत नाहीत. हा दुसरा प्रश्न यादीत घालायची सूचना आम्ही लेखी दिली आहे.

पेज सांभाळणाऱ्याला एकटं सोडू नये, ही सूचना मुलाची. शिव्या वाचत तीन तास बसलेला माणूस विनोद करतो तो बहुधा स्वतःला सावरायला, आणि असा विनोद बाहेर पाठवण्याआधी कुणीतरी शेजारी बसून वाचायला हवा. अंगठ्यावर मंजुरी धरायची नाही, ‘पाठव’ हा शब्द लिहून यायला हवा, हेही त्यानेच सुचवलं. नव्या ठेक्याच्या अटींत हे दोन्ही मुद्दे नाहीत. चित्राच्या कोपऱ्यात तारीख टाकायची अटही नाही, ती पुढच्या निविदेच्या मसुद्यात घालतो असं अभियंत्याने सांगितलं आहे.